अर्धी ड्यूटी

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, मग हसशील आणि लगेच फोन हातात घेशील. घेऊ नकोस. आधी शेवटपर्यंत वाच. फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस जेवलीस का, मी म्हणते जेवले. तू विचारतेस बरी आहेस ना, मी म्हणते मला काय धाड भरलीय. मग दोघीही बराच वेळ नुसतं 'हं हं' करतो आणि ठेवून देतो. कागदावर तसं होत नाही. शिवाय आज मी घरीच आहे. खिडकीतलं ऊन टेबलापर्यंत आलंय, खालच्या शिंपीणबाईंचं मशीन कधीपासून चाललंय, आणि घरात मला हाक मारणारं कुणी नाही. कामाच्या दिवशी दुपारी हे घर कसं दिसतं ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. रंगाऱ्याला सांगितलंय, पण तो येतो म्हणतो आणि गायब होतो.

लॉन्ड्रीत सुरुवात कशी झाली ते तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. गेल्या वर्षी एक दिवस सगळ्यांना चादरींच्या घड्या घालायच्या हॉलमध्ये बोलावलं. इस्त्रीचे रोलर बंद केले. रोलर बंद झाले की तिथे इतकं शांत होतं की आपलाच श्वास ऐकू येतो. आम्ही उलट्या केलेल्या टोपल्यांवर बसलो आणि एचआरच्या मॅडमनी आरोग्य विम्याची नवी योजना सांगितली. दवाखान्याचं बिल कंपनी भरणार, नवरा किंवा बायको, मुलं, सगळी त्यात. आम्ही आयुष्यभर दवाखान्यांच्या चादरी धुतल्या, गाऊन उकळले, अभ्र्यांना इस्त्री केली, पण त्या चादरीवर आपल्याला कधी झोपायला मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तसं मी तिथे बोलूनही दाखवलं आणि सगळे हसले. बॉयलरमामांनी तेवढं विचारलं, यात मेख कुठे आहे. मॅडम म्हणाल्या, मेख काही नाही, पूर्ण आठवडा काम करणाऱ्यांनाच हे लागू आहे, अर्धवेळवाल्यांना नाही. त्यावर तर आणखी हशा पिकला. आमच्याकडे अर्धवेळ कोण होतं? ओव्हरटाइम करून आमच्या कमरेचे काटे ढिले झाले होते.

मग ती तपासणीची गाडी आली. पांढरी शुभ्र, आत गारेगार, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत तुझ्या कंपनीचं नाव. ठमे, तुला काय सांगू, मी त्या गाडीला हात लावून बघितला. सगळ्यांना सांगत सुटले, ही माझ्या लेकीची कंपनी, ती या लोकांकडेच हिशोबाच्या मशीनवर असते. रक्त घेतलं, वजन केलं, नळीत फुंकायला लावलं. नंतर फोनवर प्रश्न भरायचे होते. झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, आईवडील कशानं गेले. पुष्कळजणी बिचकत होत्या. असलं घरातलं कशाला सांगायचं, म्हणत होत्या. मी म्हटलं, खरं तेच लिहा, आपली मुलगी आहे तिथे. आणि त्यांनी खरं तेच लिहिलं.

पहिले काही दिवस सगळं छानच होतं, हेही लिहिलंच पाहिजे. मामांच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही हे त्या तपासणीतच कळलं. नाहीतर त्यांना वाटायचं, दम लागतो तो बॉयलरच्या धगीनं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीखही मिळाली. मामांना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. तुला आठवतं ना, शाळा सुटली की तू बॉयलरच्या खोलीत त्यांच्या स्टुलावर बसून गणितं करायचीस? ते एका डोळ्यानं दाबाचा काटा बघायचे आणि दुसऱ्यानं तुझी वही. उत्तर चुकलं की वाफेची शिट्टी वाजवायचे आणि सगळ्या लॉन्ड्रीला कळायचं, ठमीचं गणित चुकलं. तर ऑपरेशनची तारीख ठरली, आणि पुढच्या सोमवारी बोर्डावर नवा ड्यूटीचा तक्ता लागला. मामांना अर्धी ड्यूटी. साहेब स्वतः येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तब्येत सांभाळा, खूप राबलात. मामांनी त्यांचे आभार मानले. मीही मानले. उरलेल्या वेळेला बॉयलरवर एक नवा माणूस आला. हे मला तेव्हा दिसलं, पण खटकलं नाही.

खटकलं ते रोलरवरच्या वहिनीच्या वेळी. तिला दिवस गेले होते आणि साखर वाढली होती. पोटातल्या बाळाला जपायचं तर वरचेवर डॉक्टरांकडे जावं लागेल असं तिला सांगितलं होतं. तिलाही अर्धी ड्यूटी आली, तिच्या सोयीसाठी म्हणून. तिनं सोय मागितली नव्हती. ती माझ्याकडे आली, मुकादम म्हणून मी मॅडमकडे गेले. मॅडम गोड बोलल्या. कुणालाही काढलेलं नाही, म्हणाल्या, काम कमी झालंय. काम कमी झालंय म्हणे! त्याच आठवड्यात नवीन दवाखान्याचं काम आलं होतं आणि मैल्या कपड्यांच्या पिशव्या पार दारापर्यंत रचलेल्या होत्या. त्यानंतर एकेक करत तक्त्यात नावं सरकायला लागली. दमेकरी ड्रायव्हर. पाठीचं दुखणं असलेली ड्रायरवरची बाई. एकालाही काढलं नाही, एकाशीही कुणी वाकडं बोललं नाही. प्रत्येकाला तेच गोड हसू मिळालं आणि अर्धी ड्यूटी मिळाली. आणि अर्धी ड्यूटी म्हणजे विमा बंद, हे पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलेलं ज्याला त्याला दवाखान्याच्या खिडकीशी गेल्यावर आठवलं.

हळूहळू असं झालं, की सोमवारी सकाळी त्या बोर्डाजवळ जायला पाय उचलेना. तपासणीचे रिपोर्ट उशिरा यायचे, काहींचे आलेच नाहीत. तक्ता मात्र वेळेवर लागायचा. ज्याला अर्धी ड्यूटी लागली त्यानं समजून घ्यायचं, आपल्या अंगात काहीतरी आहे. काय आहे ते माहीत नाही, पण आहे. माणसं बोर्डासमोर उभ्याउभ्या आपली छाती, आपलं पोट चाचपून बघायची. कुणी उघड खोकेना. दम्याचा पंप लोक संडासात जाऊन ओढायला लागले. डबा खाताना पूर्वी एकमेकींची दुखणी ऐकवायची चढाओढ असायची, तुला माहीत आहे. आता विचारलं की सगळ्या ठणठणीत. इतक्या ठणठणीत बायका एका जागी बघून मी डबा तसाच झाकून ठेवायची.

त्याच दिवसांत तू चार दिवस राहायला आलीस. मी तुला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझं काम असतं तरी काय. सहज नव्हतं ते. तू खुशीत होतीस, पाय वर घेऊन बसलीस आणि समजावून सांगायला लागलीस, लहानपणी मी तुला समजावायची तसंच. लोकांचं रक्त, वजन, त्यांनी दिलेली उत्तरं, हे सगळं मशीनला द्यायचं आणि मशीन सांगतं, पुढच्या वर्षी कुणाच्या आजारपणावर सगळ्यात जास्त खर्च होईल. म्हणजे त्या माणसाला आधीच गाठून औषध देता येतं, तू म्हणालीस. ही मांडणी तुझी होती, तुझ्या साहेबांनी तुझं कौतुक केलं होतं. मी विचारलं, मग तुला कळत असेल ना, कोण कोण आजारी आहे ते. तू म्हणालीस, "आई, मी नावं बघतच नाही. मला फक्त नंबर दिसतात."

माझा कामाचा कोट खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. त्याच्या खिशावर लाल दोऱ्यानं माझा नंबर शिवलेला आहे. मी विचारलं, कुठला नंबर, हा? तू कोटाकडे बघितलंस. म्हणालीस, हो, लॉन्ड्रीनं दिलेलाच नंबर, नाहीतर रिपोर्ट कुणाला पाठवायचा ते कसं कळणार.  आणि मग तू पाय खाली घेतलेस. मी वहिनीचं आणि मामांचं सांगायला तोंड उघडलं, तर तू उठून भांडी घासायला लागलीस, न सांगता, तू!  दुसऱ्या दिवशी तू एक दिवस आधीच परत गेलीस. त्यानंतर तुझे फोन कमी झाले. 

तू गेल्यावर सॉर्टिंगमधल्या जाऊबाईचं प्रकरण झालं. जाऊबाई म्हणजे ती भांडकुदळ, जिला आपण सगळ्याच जाऊबाई म्हणतो. मैल्या चादरींत कधी कधी वापरलेली सुई राहून जाते. टोचली तर तत्क्षणी सांगायचं, हात धुवायचा, दवाखान्यात जायचं, हे मी नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी मला तिच्या हातमोज्याच्या आत रक्त दिसलं. बोटाला तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती आणि ती भराभरा चादरी वेगळ्या करत होती. मी विचारलं तर माझ्याशीच भांडायला उठली, काही झालेलं नाही म्हणाली. मी तिला हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा ती रडली. ही बाई रडते हे मला माहीत नव्हतं. सुई टोचल्याची नोंद झाली तर पुढच्या तक्त्यात नाव येईल, म्हणून ती सकाळपासून गप्प होती. मी तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण आणखी थांबली असती तर काही सांगता आलं नसतं. तिला अजून गोळ्या चालू आहेत. अजून एक रक्ततपासणी व्हायची आहे.

मामांचं मी तुला फोनवर एवढंच सांगितलं, हार्ट ॲटॅक आला. खोटं नव्हतं ते. पण ऑपरेशनच्या तारखेला मामा आणि मामी पिशवी भरून दवाखान्यात गेले होते आणि खिडकीवरच्या माणसानं त्यांना परत पाठवलं, हे मी तुला सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात नंबर लावला, तिथे रांग मोठी. दरम्यान मामा अर्धी ड्यूटी करत राहिले. एकदा डब्याच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या ओठांना निळसर झाक आली होती. म्हणाले, "मुकादमबाई, मला काढलं असतं तर मी भांडलो असतो. यांनी मला आराम दिला हो. आरामाशी कसं भांडायचं?" त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते अंगणात, त्या तपासणीच्या गाडीच्या जागेजवळच खाली बसले आणि उठलेच नाहीत. मामी मला दोष देत नाही. तुझी चौकशी करते, ठमी कशी आहे, खूप शिकली ना, म्हणते. तेव्हा मला कुठे बघावं ते कळत नाही.

मग मी कामगार कार्यालयात गेले. जिना चढताना वाटत होतं, काय बोलणार आपण, कुणी काढलेलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तिथल्या अधिकारी बाई वयानं तुझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग नियम सांगितले, अगदी सोपे करून. विमा द्यावा लागू नये म्हणून कुणाचे कामाचे तास कमी करता येत नाहीत. तपासणीत काय निघालं ते ज्याचं त्याला आणि डॉक्टरला कळावं, मालकाला नाही. मालकाला फार तर इतक्या लोकांना साखर, इतक्यांना रक्तदाब, एवढाच आकडा कळायला हवा. तास कमी झाले तरी ज्याला हवं त्याला स्वतः हप्ता भरून काही महिने विमा चालू ठेवता येतो, आणि ते त्याला सांगणं कंपनीचं काम आहे. मामांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मिळून हप्ता भरला असता, ठमे. टोपल्यांवर बसून, हसत हसत भरला असता. बाईंनी मला शेवटी विचारलं, तपासणीतले नंबर आणि कामगारांची नावं एकत्र कोण आणतं? मी म्हटलं, माहीत नाही. त्या वेळी खरंच पक्कं माहीत नव्हतं. मामी, वहिनी, जाऊबाई आणि मी, आम्ही चौघींनी तक्रारीवर सह्या केल्या.

लगेच मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी फार हुशार आहे हो. आमच्या योजनेची सगळी मांडणी तिचीच. तिच्या नोकरीला धक्का लागेल असं तुम्ही काही करणार नाही, मला खात्री आहे." त्या हे इतक्या मायेनं बोलल्या, की मी 'हो' म्हणून बाहेर आले आणि ती धमकी होती हे जिन्यात कळलं. चहा मी तसाच ठेवला होता.

पुढच्या सोमवारी बोर्डावर माझं नाव अर्ध्या ड्यूटीत होतं. म्हणून मी आज दुपारची घरी आहे. बोर्डासमोर उभी राहून मी विचार करत होते, ही शिक्षा आहे की आजार आहे. मागच्या महिन्यात गाडी पुन्हा आली होती तेव्हा मीही रक्त दिलं होतं, रिपोर्ट आला नव्हता. तुला हसू येईल, पण मी देवाजवळ मागितलं, शिक्षाच असू दे. मग सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या पैशानं सगळं तपासून घेतलं. डॉक्टरांनी कागद बघितले आणि विचारलं, तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही का, काहीतरी बिघडलंय एवढं तरी रक्तात दिसायला हवं होतं. माझ्या मूत्रपिंडात गाठ आहे. लहान आहे म्हणाले, काढता येईल म्हणाले, कसली आहे ते काढल्यावर कळेल. ठमे, घाबरू नकोस, मी अजून जिना चढते, स्वयंपाक करते, भांडते. पण मला राहून राहून एकच वाटतं. हे मला कळायच्या आधी तुझ्या मशीनला कळलं. त्यानं माझा नंबर उचलून वर ठेवला आणि तो माझा आहे हे तुला ठाऊक नव्हतं. की तू मुद्दाम बघितलं नाहीस? कोटाकडे बघून तू पाय खाली घेतलेस त्या क्षणी काय मनात आलं तुझ्या? मी रागावून विचारत नाही. मी आई आहे, मला माहीत असायला हवं.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. येत्या गुरुवारी सकाळी कामगार कार्यालयात सुनावणी आहे. लॉन्ड्रीचे वकील म्हणणार आहेत, नावं कुणालाच दिसत नव्हती, तास कमी झाले तो योगायोग. अधिकारी बाई मला तोच प्रश्न पुन्हा विचारतील, नंबर आणि नावं एकत्र कोण आणत होतं, आणि या वेळी, मॅडमच्या त्या बोलण्यानंतर, मला 'माहीत नाही' म्हणता येणार नाही. तू मला घरात बसून जे सांगितलंस ते मी तिथे सांगणार आहे. मांडणी कुणाची, असं विचारलं तर तुझं नाव घेणार आहे. मामीच्या शेजारी बसून मला दुसरं काही बोलता येणार नाही. ती मांडणी तू औषध वेळेवर मिळावं म्हणून केलीस, असं मी मानते, आणि तेही सांगेन, पण माझं मानणं तिथे पुरावा नाही. लॉन्ड्रीचा नंबर लावायला तुला कुणी सांगितलं, यादी कुणाकडे जायची, हे फक्त तुलाच ठाऊक आहे. तू बोललीस तर तुझी नोकरी जाईल, बहुतेक पुढची मिळणंही अवघड होईल, हे मला कळतं. म्हणून मी ये म्हणत नाही. ये म्हटलं असतं तर तू माझ्या आजारासाठी आली असतीस, आणि त्यासाठी नको. पण परक्याच्या तोंडून तुला कळायला नको, की तुझ्या आईनं भर कचेरीत तुझं नाव घेतलं, म्हणून आधी मीच कळवते आहे. गुरुवारी मी ते नाव घेईन, तेव्हा मागे वळून दाराकडे बघेन.

तुझीच,
आई